नदीपलीकडची ऊब

लंडनच्या पिम्लिको भागात, टेम्सच्या उत्तर काठाजवळ, काचेने मढवलेला एक बहुकोनी मनोरा उभा आहे. उंची सुमारे ४१ मीटर. नवख्या माणसाला ती पाण्याची टाकी वाटते आणि हा समज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. आत पाणीच आहे. फक्त ते कुणी पीत नाही. उकळीच्या जरासे अलीकडे राखलेले सुमारे अडीच हजार घनमीटर पाणी त्यात साठवता येते आणि भोवतालच्या तीन हजारांहून अधिक घरांतली ऊब आणि न्हाणीघरातले ऊन पाणी या व्यवस्थेतून येते. मनोऱ्याची मालकी वेस्टमिन्स्टरच्या पालिकेची आहे. नोकरशाहीला साजेल असे रुक्ष नावही या व्यवस्थेला आहे : पिम्लिको डिस्ट्रिक्ट हीटिंग अंडरटेकिंग.

आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. पहाटे घरातले कुणीतरी एक उठून तो पेटवी आणि मग सगळे आळीपाळीने बादली भरून, विसण घालून, अंघोळी उरकून घेत. पेटवणारा एक, पाणी घेणारे दहा. पुढे घरोघर गिझर आले आणि ज्याची त्याची आग वेगळी झाली. पिम्लिकोचा मनोरा हा एका अख्ख्या पेठेचा बंब आहे, असे म्हटले तर मराठी वाचकाला त्याचे तत्त्व चटकन कळेल. एक मोठा फरक मात्र आहे. हा बंब बांधला गेला तेव्हा त्याची आग नदीच्या पलीकडे होती.

कर्बउत्सर्ग कमी करायचा तर घरे कशाने तापवायची, हा प्रश्न आज थंड देशांतल्या प्रत्येक नगरपालिकेपुढे आहे. त्याचे एक उत्तर म्हणून डिस्ट्रिक्ट हीटिंगचे, म्हणजे सामूहिक उष्णताजाळ्याचे नाव घेतले जाते आणि जणू काही नवीनच सापडल्यासारखे ते मांडले जाते. वास्तविक ब्रिटनमध्ये हा विचार निदान सत्तर वर्षे जुना आहे आणि त्याचा इतिहास बराचसा हुकलेल्या संधींचा आहे. पण ज्या थोड्या ठिकाणी तो पालिकांच्या पुढाकाराने तगला, तेथे एक गोष्ट ठळक दिसते. आग विझली, नळ मात्र टिकले. त्या नळांचा हा इतिहास.

आधी थोडे भौतिकशास्त्र. कोळसा जाळून वीज करणाऱ्या जुन्या केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तारेत जात असे. बाकीची ऊर्जा धुराड्यातून आकाशात आणि थंड करणाऱ्या पाण्यातून नदीत. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ अगदी निवेपर्यंत वापरली की जास्तीत जास्त वीज मिळते, पण उरलेले कोमट पाणी कुणाच्या कामाचे नसते. वाफ जरा आधीच, गरम असताना काढून घेतली तर वीज थोडी कमी होते, मात्र त्या बदल्यात घरे तापवण्याजोगे पाणी मिळते. हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो. त्यात अडचण एकच आहे. वीज शंभर कोसांवर सहज जाते. ऊन पाणी तितके लांब नेणे परवडत नाही. ते वाटेत निवते आणि नळाचा खर्च प्रत्येक मीटरला वाढतो. म्हणून विजेचा व्यापार देशभर करता येतो आणि उष्णतेचा गावातच करावा लागतो. पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या एका वाक्यात आहे, असे मला वाटते.

बॅटर्सीचे वीजकेंद्र नदीच्या दक्षिण काठावर, पिम्लिकोच्या जवळजवळ समोर. त्याचा पहिला अर्धा भाग १९३३ साली सुरू झाला. चार धुराड्यांची ती विटांची इमारत पुढे पिंक फ्लॉइडच्या १९७७ च्या ‘ॲनिमल्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गेली आणि जगभर ओळखीची झाली. पण तेव्हा धुराडी दोनच होती. शहराच्या मध्यभागी एवढी मोठी भट्टी नको म्हणून बांधकामाआधी मोठा गदारोळ उठला होता. धुरामुळे चित्रसंग्रहालये, बागा आणि राजवाडा काळवंडेल, ही भीती होती. त्यावर उपाय म्हणून धूर पाण्याने धुऊन सोडायची व्यवस्था झाली आणि इमारत डोळ्यांना खुपू नये म्हणून बाह्यरूप घडवण्याचे काम गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या नामांकित वास्तुकाराकडे देण्यात आले. धुतलेल्या धुराची एक गंमत अशी की तो थंड होत असल्याने उंच न जाता कधीकधी खालीच उतरत असे.

मग महायुद्ध आले. पिम्लिकोच्या नदीकाठावर बाँब पडले. एकोणिसाव्या शतकात थॉमस क्युबिट या बांधकाम कंत्राटदाराने वसवलेल्या या भागातली नदीलगतची वस्ती आधीच जीर्ण होती, तिचा बराच भाग कोसळला. १९४६ साली वेस्टमिन्स्टरच्या पालिकेने तेथे नवी वसाहत उभारण्यासाठी स्पर्धा जाहीर केली. ती जिंकली फिलिप पॉवेल आणि हिडाल्गो मोया या पंचविशीतल्या दोन तरुणांनी. हीच जोडी पुढे १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी स्कायलॉन नावाचा, अधांतरी वाटणारा मनोरा उभारून प्रसिद्धीस आली. पण त्यांचे टिकाऊ काम म्हणजे पिम्लिकोतली ही वसाहत. तिला चर्चिल गार्डन्स हे नाव मिळाले. सुमारे सोळाशे घरे, उंच आणि ठेंगण्या इमारतींची मिसळ, मधे झाडे. बांधकाम थेट १९६२ पर्यंत चालले.

घरे कोणत्या काळात बांधली जात होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४७ चा हिवाळा ब्रिटनमध्ये भीषण गेला. कोळसा खाणींतून निघेना, निघालेला बर्फातून हलेना. फेब्रुवारीत कारखान्यांची वीज तोडावी लागली आणि घरोघरी दिवसाचे काही तास ती बंद राहू लागली. कोळशाच्या ढिगावर बसलेला देश थंडीने काकडला. अशा वेळी समोरच्या काठावर वीजकेंद्र दिवसरात्र टेम्सचे पाणी तापवून सोडून देत आहे, हे दृश्य पालिकेच्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर होते. सोळाशे घरांत सोळाशे शेगड्या मांडण्याऐवजी ती ऊब नदीखालून इकडे आणायची, हा निर्णय या परिस्थितीत झाला.

नदीखालच्या बोगद्यातून नळ टाकले गेले. बॅटर्सीच्या टर्बाइनमधून काढलेल्या वाफेवर पाणी तापायचे, बोगद्यातून इकडे यायचे, घरोघर फिरायचे आणि निवून परत जायचे. मनोऱ्याचे काम त्यातले सर्वांत चतुर. विजेची मागणी आणि उबेची मागणी एकाच वेळी येत नाही. वीजकेंद्र आपल्या वेळापत्रकाने चालणार. पिम्लिकोतली माणसे मात्र पहाटे उठून अंघोळीला जाणार आणि संध्याकाळी घरी येऊन खोली तापवणार. या दोन वेळापत्रकांतली फट मनोरा बुजवतो. केंद्र जोरात असताना तो भरतो, मागणी वाढली की रिता होतो. गरम पाणी हलके म्हणून वर राहते आणि थंड पाणी खाली बसते, त्यामुळे एकाच मनोऱ्यात दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. विजेची साठवण आज बॅटऱ्यांमुळे चर्चेत आहे. उष्णतेची साठवण इतकी साधी आणि इतकी जुनी आहे. ती लपवण्याऐवजी पॉवेल आणि मोया यांनी काचेच्या आवरणात दिमाखाने उभी केली. १९९८ साली शेजारच्या इमारतींसह हा मनोरा संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला. धुराड्याविना, कोळशाच्या राखेविना तापणारी घरे ही त्या काळच्या लंडनमध्ये अपूर्वाई होती.

किती अपूर्वाई, ते १९५२ च्या डिसेंबरात कळले. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस शहरावर धूर आणि धुके यांचे झाकण बसले. हात लांब केला तर बोटे दिसेनात. त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ४००० माणसे त्यात दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२००० पर्यंत नेला. दोष एकट्या वीजकेंद्रांचा नव्हता, लक्षावधी घरांतल्या शेगड्यांचाही होता. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, स्वच्छ हवेचा कायदा झाला. चर्चिल गार्डन्सच्या घरांतून त्या पाच दिवसांत शेगडीचा धूर निघाला नाही. त्यांच्या वाट्याचा कोळसा बॅटर्सीत, एका ठिकाणी आणि धूर धुऊन, जळत होता. त्या हवेत श्वास मात्र सगळ्यांना सारखाच घ्यावा लागला.

इतका शहाणपणाचा प्रयोग यशस्वी झाल्यावर तो गावोगाव पसरायला हवा होता. तसे झाले नाही. याचे कारण तंत्रज्ञानात शोधून सापडत नाही. ते राज्यव्यवहारात आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमध्ये वीज हा मोठ्या प्रमाणावर पालिकांचा धंदा होता. पाणी, वायू, ट्राम आणि वीज अशा चार गोष्टी चालवणारी नगरपालिका हे तिथल्या नागरी जीवनाचे भूषण मानले जाई. मँचेस्टरच्या पालिकेने तर पहिल्या महायुद्धाच्या आधीच आपल्या एका वीजकेंद्रातली वाफ आसपासच्या इमारतींना विकायला सुरुवात केली होती. ॲटली सरकारच्या १९४७ च्या कायद्याने हे चित्र पालटले. १ एप्रिल १९४८ रोजी पाचशेहून अधिक वीजउपक्रम एका राष्ट्रीय व्यवस्थेत विलीन झाले. त्यांतले बहुसंख्य पालिकांचे होते. राष्ट्रीयीकरणाचे समर्थन करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि विजेच्या बाबतीत तो बहुतांशी सफलही झाला. मोठी केंद्रे, एकच जाळे, स्वस्त वीज. पण मोठी केंद्रे कोळशाच्या खाणींजवळ, नद्यांच्या काठी, माणसांपासून दूर गेली. उष्णता त्यांच्याबरोबर गेली आणि शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या अवाढव्य शीतक मनोऱ्यांतून वाफ होऊन उडू लागली. त्या मनोऱ्यांची छायाचित्रे प्रगतीचे चिन्ह म्हणून छापली जात, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

वीज राष्ट्राची झाली, घरे पालिकेचीच राहिली आणि उष्णता कुणाचीच नव्हती. पिम्लिकोचा करार जुळला तो या संक्रमणाच्या ऐन सांध्यावर. केंद्र शहरातच होते आणि पालिका समोरच्या काठावर होती म्हणून. उरलीसुरली आशा उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूने संपवली. १९६५ साली तो सापडला आणि १९६७ पासून दहा वर्षांत देशातली सगळी वायुउपकरणे त्यासाठी बदलण्यात आली. घरोघर भिंतीवर बॉयलर टांगले गेले. आमच्या बंबाचे गिझरपुढे जे झाले तेच येथे झाले. यात भर म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत काही पालिकावसाहतींत सामूहिक बॉयलर बसवले गेले ते इतक्या हलगर्जीपणाने की लोकांच्या मनात या कल्पनेविषयी अढी बसली. ऊब कमीजास्त करायला खोलीत कळ नाही, मोजायला मीटर नाही, नळ गळतात आणि उकडले की भर जानेवारीत खिडकी उघडायची.

याच काळात समुद्रापलीकडे डेन्मार्कमध्ये काय घडत होते, हे पाहण्यासारखे आहे. कोपनहेगनने चहूबाजूंनी वेढलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या स्वतंत्र पालिकेला कचरा टाकायला जागा उरली नव्हती. तिने १९०३ साली कचरा जाळणारे केंद्र बांधले आणि त्याची उष्णता इस्पितळासारख्या जवळच्या इमारतींना दिली. पुढे गावोगाव अशी जाळी झाली, काही पालिकांची, काही ग्राहकांच्या सहकारी संस्थांची. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कच्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आयात तेलाचा होता. त्या धक्क्यातून १९७९ चा उष्णतापुरवठा कायदा जन्मला. प्रत्येक पालिकेने आपल्या हद्दीचा उष्णतेचा आराखडा करावा, कुठल्या गल्लीत सामूहिक नळ आणि कुठे वायू ते ठरवावे आणि या धंद्यात नफा काढू नये, असे त्याचे सूत्र होते. घरांना जोडणी सक्तीची करण्याचा अधिकारही पालिकांना पुढे मिळाला. सक्तीचा हा भाग आपल्याला खटकेल, आणि डेन्मार्कनेही २०१९ साली नवीन जोडण्यांपुरता तो सोडून दिला. पण तोपर्यंत देशातली जवळपास दोनतृतीयांश घरे नळाला लागलेली होती. ब्रिटनमध्ये घरे आणि इमारती तापवण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग अशा जाळ्यांतून येतो.

ब्रिटनमध्येही तेलसंकटानंतर विचार झाला नाही असे नाही. वॉल्टर मार्शल या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील गटाने १९७७ आणि १९७९ साली दोन अहवाल दिले आणि एखादे शहर निवडून मोठ्या प्रमाणावर उष्णता-वीज सहनिर्मिती करून पाहावी, अशी शिफारस केली. शहरे निवडायला १९८५ साल उजाडले. बेलफास्ट, एडिंबरा आणि लेस्टर. अभ्यास झाले, अहवालांचे अहवाल झाले. मूळ कल्पनेतले भव्य जाळे तीनपैकी एकाही शहरात उभे राहिले नाही. वीजउद्योगाच्या खासगीकरणाचे वारे तोवर वाहू लागले होते आणि वीस-तीस वर्षांनी परतफेड होणाऱ्या नळांत पैसा घालायला कुणीही उत्सुक नव्हते.

आणि मधल्या काळात बॅटर्सी विझले. पहिला अर्धा भाग १९७५ साली, उरलेला १९८३ च्या ऑक्टोबरात. पिम्लिकोच्या दृष्टीने हा घराचा खांब काढून घेण्याचा प्रकार होता. तेव्हा जाळे मोडीत काढून घरोघर वायूचे बॉयलर बसवणे सोपे होते. देशभर तेच चालले होते. पालिकेने तसे केले नाही. नदीच्या आपल्या काठावर, पंपगृहापाशी, तिने स्वतःचे बॉयलर बसवले, जुन्याच नळांत पाणी सोडले आणि मनोरा भरला. पुढे २००० नंतरच्या दशकात तेथेच वायूवर चालणारी सहनिर्मितीची यंत्रेही आली. म्हणजे उलटा प्रवास झाला. पूर्वी वीजकेंद्राची उष्णता गावाला मिळे. आता गावाच्या उष्णतेसाठी चालणारे यंत्र वीजही विकू लागले. चुलीवर कोण बसले आहे याची खबर नळांना नव्हती. रहिवाशांपैकी किती जणांना होती, कोण जाणे.

असाच दुसरा प्रसंग साउथॅम्प्टनचा आणि तो मला अधिक नाट्यमय वाटतो. तेलसंकटानंतर ब्रिटिश सरकारच्या ऊर्जाखात्याने जमिनीखालच्या उष्णतेचा शोध सुरू केला. साउथॅम्प्टनच्या पलीकडे मार्चवुड येथे एक आणि १९८१ साली खुद्द शहरात, वेस्टर्न एस्प्लनेडपाशी, दुसरी अशा खोल विहिरी खणण्यात आल्या. शहरातली विहीर सुमारे १८०० मीटर खोल. तळाशी प्राचीन वालुकाश्मात खारट पाणी मिळाले, ७६ अंश सेल्सियसचे. आनंदीआनंद झाला. पण चाचण्यांत दाब उतरू लागला. खडकातला साठा वाटला तेवढा पसरलेला नव्हता. चहूकडून बंदिस्त कप्प्यासारखा होता. आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, असा निर्वाळा देऊन ऊर्जाखात्याने हात झटकले.

पालिकेने मात्र या विहिरीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. सरकारच्या दृष्टीने ती अपुरी वीजपर्यायी खाण होती. पालिकेच्या दृष्टीने ती आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरची फुकटची ऊब होती. युटिलिकॉम या फ्रेंच मालकीच्या कंपनीशी तिने करार केला. भांडवल आणि जोखीम कंपनीची. पालिकेने जे दिले त्याला पैशात मोल करणे कठीण : रस्ते खणण्याची मुभा, जागा, स्वतःच्या सिव्हिक सेंटरची पहिली जोडणी आणि शहरात नवीन इमारतीचा नकाशा मंजुरीला आला की ‘आमच्या नळाला जोडून घेता का?’ हा सततचा आग्रह. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऊब वाहू लागली. मग एकेक करून इस्पितळ, हॉटेल, विद्यापीठ, सदनिका आणि २००० साली उघडलेले वेस्टक्वे हे प्रचंड बाजारसंकुल जोडले गेले. नळांची लांबी दहा किलोमीटरच्या वर गेली. मागणी वाढली तशी विहीर पुरेना, म्हणून वायूवरची सहनिर्मिती यंत्रे आली आणि त्यांनीच बहुतेक भार उचलला. विहिरीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरला आणि पुढे तोही थांबला. टीकाकारांनी यावरून भूगर्भीय उष्णतेचा फुगा फुटला असे म्हटले असेल तर ते अक्षरशः खरे आहे. पण त्या विहिरीने एक काम केले, जे दुसऱ्या कशाने झाले नसते. शहराला नळ टाकायला निमित्त दिले.

पालिकाच का, कंपनी का नाही, याचे उत्तर साउथॅम्प्टनमध्ये दिसते. कंपनी तेथे होतीच. पण अशा जाळ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रिकामा नळ. पहिल्या दिवशी वर्षभर भरवशाने ऊब घेणारी चारदोन मोठी गिऱ्हाइके हवीत, आणि गावात कचेरी, तरणतलाव, शाळा, भाड्याची घरे यांचा मालक पालिकाच असते. रस्ता तिचा, बांधकामाची परवानगी तिची आणि पुढची चाळीस वर्षे गाव सोडून न जाण्याची खात्रीही तिचीच. कंपन्या विकल्या जातात. साउथॅम्प्टनच्या जाळ्याचे मालक तर आतापर्यंत कित्येकदा बदलले आहेत.

पण पालिका पुढे झाली की सगळे सुरळीत होते, असे मानणाऱ्याने वोकिंगचे पान उघडावे. लंडनच्या नैऋत्येचे हे मध्यम आकाराचे गाव, एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले मंगळवासी याच्या माळावर उतरले होते. १९९०च्या दशकात ॲलन जोन्स या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तेथील पालिकेने ऊर्जाबचतीचा असा सपाटा लावला की युरोपातून माणसे पाहायला येऊ लागली. बचतीतून वाचलेला पैसा पुढच्या बचतीत घालायचा, ही साधी युक्ती. १९९९ साली पालिकेने थेम्सवे नावाची स्वतःची कंपनी काढली. २००१ मध्ये गावाच्या मध्यभागी वाहनतळालगत सहनिर्मिती केंद्र सुरू झाले; तेथून कचेरी, हॉटेल आणि मनोरंजनगृहांना ऊब, गारवा आणि पालिकेच्या स्वतःच्या तारांतून वीजही जाऊ लागली. पालिकेच्या इमारतींचा कर्बउत्सर्ग २००४ पर्यंत तीनचतुर्थांशांहून अधिक घटला होता. लंडनचे महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी जोन्सना बोलावून नेले. राष्ट्रीय सरकार दुर्लक्ष करीत असताना एक लहान पालिका काय करू शकते, याचे उदाहरण म्हणून वोकिंगचे नाव सर्वत्र घेतले जाई. आम्हीही ते घेतले आहे.

७ जून २०२३ रोजी याच पालिकेने कलम ११४ ची नोटीस काढली. म्हणजे नवा खर्च करायला पैसा नाही, अशी जाहीर कबुली. सामान्य भाषेत दिवाळे. वर्षाचे मूळ उत्पन्न १.६ कोटी पौंड आणि तूट १२० कोटी पौंड, असे ते आकडे होते. हे दिवाळे उष्णतेच्या नळांनी काढले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठा वाटा होता गावाच्या मध्यभागी उभारलेल्या उंच इमारती, हॉटेल आणि दुकानांच्या प्रकल्पाचा, आणि पालिकेने स्वतःच्याच कंपन्यांना दिलेल्या कर्जांचा. पण स्वस्त सरकारी कर्ज काढायचे, स्वतःच्या कंपनीला द्यायचे आणि तिने गावात बांधायचे, ही जी वाट ऊर्जेच्या कामासाठी मळली गेली होती तिच्यावरूनच पुढचे अवजड गाडे गेले. सुरुवातीच्या प्रकल्पांत वाचवलेला पैसा मोजून पुढे टाकला जात होता; नंतरच्यात अपेक्षित भाडे मोजून कर्ज काढले गेले. दोन्हींना ‘पालिकेचा पुढाकार’ हेच नाव होते. दिवाळ्यानंतर गावाने सार्वजनिक स्वच्छतागृहांपासून संस्थांच्या अनुदानापर्यंत सगळीकडे कात्री पाहिली.

नळाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माणसाची बाजू या इतिहासात नेहमी शेवटी येते, येथेही येत आहे. त्याला पुरवठादार बदलता येत नाही. २०२२ साली वायूचे भाव भडकले तेव्हा स्वतःचा बॉयलर असलेल्या घरांना नियामकाच्या कमाल दराचे संरक्षण होते. सामूहिक जाळ्यांवरच्या घरांना नव्हते, कारण कायद्याच्या लेखी त्यांचा वायू ‘व्यापारी’ होता. कित्येकांची बिले दुपटी-तिपटीने वाढली आणि ती न पटणाऱ्याला नळ तोडून जायला वाट नव्हती. डेन्मार्कने १९७९ साली जी गोष्ट ताडली होती, की मक्तेदारीच्या नळाला देखरेखीचा कायदा लागतो, ती ब्रिटनच्या कायद्यात २०२३ साली आली. त्या वर्षीच्या ऊर्जा कायद्याने उष्णताजाळी ऑफजेम या नियामकाच्या कक्षेत आणली. चव्वेचाळीस वर्षांचे अंतर.

पिम्लिकोच्या जाळ्यापुढे आता तिसऱ्या आगीचा प्रश्न आहे. वायू जाळणे थांबवायचे आहे. तीन हजार घरांत तीन हजार यंत्रे बदलण्यापेक्षा एका पंपगृहातली बदलणे सोपे, हा सामूहिक जाळ्याचा युक्तिवाद येथे कसोटीला लागतो. नदीच्या, सांडपाण्याच्या किंवा भुयारी रेल्वेच्या कोमट उबेवर चालणारे उष्णतापंप हा पर्याय आहे आणि दक्षिण वेस्टमिन्स्टरसाठी अशा स्रोतांवरच्या मोठ्या जाळ्याची योजना २०२०च्या दशकात पुढे आली आहे. अडचण अशी की उष्णतापंपाला पाणी जितके कमी तापवावे लागेल तितका तो काटकसरीने चालतो आणि पिम्लिकोचे नळ, खोल्यांतले तापक आणि भिंती उकळत्या पाण्याच्या जमान्यातल्या आहेत. पाणी कोमट करायचे तर आधी घरांची थंडी अडवावी लागेल. नळही म्हातारे झाले आहेत. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च भाडेकरू, घरे विकत घेतलेले रहिवासी आणि पालिका यांच्यात कसा वाटायचा, हा वाद कोणत्याही आगीपेक्षा जास्त तापू शकतो.

बॅटर्सीचे केंद्र २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले. आता तेथे दुकाने, कचेऱ्या आणि महागडी घरे आहेत. जुनी धुराडी पाडून तशीच नवी बांधली आहेत आणि त्यांपैकी एकीतून पर्यटकांना वर नेणारी काचेची लिफ्ट जाते. वर पोहोचले की उत्तरेला नदीपलीकडे चर्चिल गार्डन्सच्या इमारती आणि त्यांच्यामधला काचेचा मनोरा दिसतो. या नव्या वसाहतीला ऊब देण्यासाठी जमिनीखाली तिचे स्वतःचे ऊर्जाकेंद्र आहे. पिम्लिकोचे पंपगृह आपले पाणी आपल्या काठावरच तापवते. बोगदा मधे, टेम्सच्या खाली आहे.